चंची, चिलीम आणि वाफ : खानदेशांतील व्यसनांचा इतिहास

असोदा हें जळगांवजवळचें एक शेतकरी गांव. भरिताच्या वांग्यांसाठीं तें साऱ्या खानदेशांत प्रसिद्ध आहे, आणि बहिणाबाई चौधरी यांचें माहेर म्हणून साऱ्या महाराष्ट्राला परिचित आहे. १८८० सालीं बहिणाबाई येथें जन्मल्या तेव्हां खानदेश हा एकच मोठा जिल्हा होता. पूर्व व पश्चिम असे त्याचे दोन भाग १९०६ सालीं झाले, आणि पुढें त्यांनाच जळगांव व धुळें हीं नांवें मिळालीं. त्या काळच्या अशा गांवांत पाहुणा आला म्हणजे त्याच्यापुढें पाण्याचा तांब्या येई आणि पाठोपाठ चंची उलगडे. एका कप्प्यांत पान, दुसऱ्यांत सुपारी व कात, तिसऱ्यांत तंबाखू, आणि शेजारीं चुन्याची डबी. चंची पुढें करणें हा मान होता. ती नाकारणें हा थोडासा अपमानच. शेताच्या बांधावर दोन अनोळखी माणसें भेटलीं तरी एकानें तंबाखू मळावी आणि दुसऱ्यानें चिमूट घ्यावी, कीं ओळख झाली.

पाहुणचाराची ही वस्तु गळ्यांतील फांस कशी झाली, राज्यकर्त्यांनीं तिच्यावर कोणकोणते उपाय योजले, आणि त्यांपैकीं कोणते फळास आले, हा प्रश्न केवळ इतिहासाच्या अभ्यासकांचा नाहीं. ज्या घरांत शाळकरी मूल आहे त्या प्रत्येक घराचा तो प्रश्न आहे.

तंबाखूची वनस्पति मूळची अमेरिकेंतली. पोर्तुगीजांनीं ती सोळाव्या शतकांत हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर आणली, आणि तेथून ती दक्षिणेंतील सुलतानांच्या राज्यांत रुजली. उत्तरेच्या दरबारांत ती कशी पोंचली याचा वृत्तांत एका प्रत्यक्षदर्शी माणसानें लिहून ठेवला आहे, आणि त्याचा खानदेशाशीं निकटचा संबंध आहे. १६०१ च्या आरंभीं अकबरानें असीरगड घेतला व खानदेशची फारुकी राजवट संपली. सुभ्याची राजधानी बऱ्हाणपूर, आणि सुभेदार अकबराचा धाकटा पुत्र दानियाल. त्याच्या नांवावरून खानदेशला कांहीं काळ ‘दानदेश’ असेंहि म्हटलें गेलें. विजापूरच्या इब्राहीम आदिलशहाची कन्या या दानियालला द्यावयाची ठरली, व तिला आणण्याच्या कामगिरीवर असद बेग नांवाचा अधिकारी विजापुरास गेला. तेथें त्यानें तंबाखू पाहिली. तसली वस्तु पूर्वीं त्याच्या दृष्टीस कधीं पडली नव्हती. त्यानें ती बरोबर घेतली, आणि बादशहासाठीं एक रत्नजडित हुक्काहि करविला.

अकबरापुढें तो हुक्का ठेवला गेला तेव्हां जो वाद झाला तो आजहि मननीय आहे. बादशहानें कुतूहलानें दोनचार झुरके घेतले. राजवैद्यानें तात्काळ हरकत घेतली: या वस्तूचा आपल्या शास्त्रांत कोठेंहि उल्लेख नाहीं; जिची परीक्षा झाली नाहीं ती बादशहांना कशी द्यावी? असद बेग म्हणाला कीं, युरोपांतील लोक कांहीं इतके अडाणी नाहींत. त्यांच्यांतहि शहाणे आहेत, आणि जगांतील प्रत्येक चाल केव्हां तरी नवीनच होती. बादशहाला हा युक्तिवाद आवडला. परंतु त्यानें स्वतः हुक्क्याची सवय मात्र लावून घेतली नाहीं. सरदारांनीं ती लावून घेतली, आणि व्यापारी ती विकूं लागले. वाद असद बेगानें जिंकला, पण बरोबर होता तो वैद्य. वस्तु नवीन आहे, परदेशी आहे, शहाणीं माणसें ती घेतात, एवढ्यावरून ती निरुपद्रवी ठरत नाहीं, हें त्या वैद्याचें म्हणणें सिद्ध व्हावयास पुढें साडेतीनशें वर्षें लागलीं.

ज्या दानियालच्या विवाहानिमित्त ही तंबाखू उत्तरेस गेली, त्याचा शेवट मात्र दुसऱ्याच व्यसनानें झाला. तो मद्याच्या आहारीं गेला होता. अकबरानें त्याच्याभोंवतीं पहारे बसविले व कोणी मद्य पोंचवूं नये अशी सक्त ताकीद दिली. परंतु राजपुत्र आपल्या चाकरांपुढें रडला, गयावया केली, आणि चाकरांनीं बंदुकीच्या नळींत भरून त्याला दारू पोंचविली. गंजलेल्या नळींतील तें कडक मद्य पिऊन तो अंथरुणाला खिळला, आणि बऱ्हाणपुरांत वयाच्या अवघ्या तिशींत मरण पावला. ही हकीगत त्याचा भाऊ जहांगीर यानेंच आपल्या आत्मचरित्रांत नमूद केली आहे. बादशाही पहाऱ्यांतूनहि व्यसनाची वस्तु आंत शिरते, याचें याहून करुण उदाहरण खानदेशच्या इतिहासांत दुसरें नसेल.

याच जहांगीरानें १६१७ मध्यें तंबाखूवर बंदी घातली. तो स्वतः मद्य व अफू घेत असे, आणि आपण दिवसाला किती प्याले रिचवीत होतों हेंहि त्यानें प्रांजळपणें लिहिलें आहे. अशा पुरुषाचा हुकूम प्रजेनें फारसा मनावर घेतला नाहीं, यांत नवल तें काय! सुरतेच्या आसपास तंबाखूचें पीक उभें राहिलें होतें. सुरतेहून बऱ्हाणपुराकडे जाणारा व्यापारी मार्ग नवापूर-नंदुरबारवरून तापीच्या खोऱ्यांतूनच जात होता. बंदीचा कागद मागें पडला आणि तंबाखू हें कर भरणारें पीक झालें. जी वस्तु खजिन्यांत भर घालते तिच्यावर खजिना सहसा रागावत नाहीं.

गांवोगांव या वस्तूनें निरनिराळीं रूपें घेतलीं. श्रीमंताच्या बैठकींत हुक्का, गरिबाच्या ओट्यावर चिलीम, शेतांत चुन्याबरोबर मळलेली चिमूट, आणि घरांतील स्त्रियांच्या दांतांवर तंबाखू भाजून केलेली मिश्री. विसाव्या शतकांत टेंभुर्णीच्या पानांत वळलेल्या विडीचा धंदा वाढला, आणि धूर खिशांत मावूं लागला. चुन्याचें रहस्य रसायनशास्त्रानें पुढें उलगडलें. १८२८ सालीं जर्मनींत पोसेल्ट व रायमान यांनीं तंबाखूंतील निकोटीन हें द्रव्य वेगळें काढलें. चुन्याच्या क्षारानें हेंच निकोटीन मोकळें होतें व गालाच्या आंतील नाजूक त्वचेंतून झपाट्यानें रक्तांत उतरतें. धुराच्या वाटेनें तर तें दहावीस सेकंदांत मेंदूपर्यंत पोंचतें. तेथें तें क्षणभर सुख देतें, आणि थोड्या वेळानें पुन्हा मागणी करतें. तल्लफ म्हणतात ती हीच. ती ज्याला येते त्याच्या ठिकाणीं चारित्र्याचा दोष शोधणें व्यर्थ आहे. त्याच्या मेंदूला एक शिकवण मिळालेली असते, आणि ती विसरावयास वेळ लागतो.

गांजाची गोष्ट निराळी. तो तंबाखूपूर्वींपासून या देशांत आहे. गोसावी-बैराग्यांच्या धुनीपाशीं, आखाड्यांत आणि देवळांच्या पडवींत चिलमीची फेरी चाले. उत्सवाला भांग घोटली जाई. इंग्रजी अमलांत हा सारा व्यवहार अबकारी खात्याच्या कक्षेंत आला. मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा १८७८ सालचा आहे. परवाना असलेलें दुकान आणि त्यावर कर अशी व्यवस्था झाली. खानदेशच्या दक्षिणेस अहमदनगर जिल्ह्यांत आणि पूर्वेस निमाड जिल्ह्यांत खांडव्याच्या बाजूला गांजाची लागवड होत असे.

या वस्तूविषयीं विलायतेंतील पार्लमेंटांत ओरड झाली, आणि १८९३ मध्यें सरकारनें एक कमिशन नेमलें. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष. कमिशननें देशभर हिंडून ११९३ साक्षीदारांचें म्हणणें नोंदविलें आणि कित्येक खंडांचा अहवाल सादर केला. त्यांतील सर्वांत मोलाचा भाग वेड्यांच्या इस्पितळांविषयींचा आहे. गांजानें वेड लागतें हें सर्वमान्य मत होतें, आणि इस्पितळांचे आंकडे त्याच्या पुष्ट्यर्थ दाखविले जात. कमिशननें एकेका रोग्याची हकीगत तपासली तेव्हां दिसून आलें कीं, वेडाचें कारण ठाऊक नसलें म्हणजे रोग्याला घेऊन येणारा पोलीस कागदावर ‘गांजा’ असें लिहून मोकळा होई, आणि तेंच पुढें आंकडा म्हणून छापलें जाई. तपासाअंतीं अशा प्रकरणांपैकीं निम्म्याहून अधिक टिकलीं नाहींत. माफक सेवनानें फारसा अपाय होत नाहीं, अतिसेवनानें मात्र होतो, आणि संपूर्ण बंदीपेक्षां कर व नियंत्रण बरें, असा बहुमताचा निर्णय झाला. दोन हिंदी सभासदांनीं, राजा शशिशेखरेश्वर रॉय व लाला निहालचंद यांनीं, आपली भिन्नमतपत्रिका जोडली.

या अहवालाचा दाखला आजहि गांजाच्या समर्थनार्थ दिला जातो. खोटे आंकडे खोटे म्हणून सांगण्याचें धैर्य कमिशननें दाखविलें, याबद्दल त्याचा गौरव योग्यच आहे. परंतु दोन गोष्टी विसरून चालणार नाहीं. एक म्हणजे, सल्ला मागणाऱ्या सरकारचा या मालावर महसूल होता. दुसरी अधिक महत्त्वाची. कमिशनपुढें मुख्यतः त्या काळच्या प्रौढ माणसांचा व त्या काळच्या मालाचा प्रश्न होता. गांजांतील मादक द्रव्य शुद्ध स्वरूपांत वेगळें करून त्याची रचना १९६४ सालीं इस्रायलमध्यें मेकुलाम व गाओनी यांनीं निश्चित केली. त्यानंतरच्या संशोधनानें दाखविलें कीं, मेंदूची घडण विशीच्या मध्यापर्यंत चालूच असते. पंधराव्या-सोळाव्या वर्षीं नेमानें गांजा ओढणाऱ्यास पुढें भ्रमाचा मानसिक विकार जडण्याचा संभव अधिक असतो, आणि माल जितका कडक तितका तो संभव वाढतो. सव्वाशें वर्षांपूर्वींच्या साधूवरून आजच्या विद्यार्थ्याविषयीं अनुमान काढणें शास्त्राला धरून नाहीं.

पुढें कायद्याचें पारडें दुसऱ्या बाजूस झुकलें. १९३० चा घातक औषधांचा कायदा, १९४९ चा मुंबईचा दारूबंदी कायदा, १९६१ चा आंतरराष्ट्रीय करार, आणि शेवटीं १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा, अशा पायऱ्यांनीं गांजा व चरस निषिद्ध झाले. केवळ पानांची भांग त्या व्याख्येबाहेर राहिली. तरीहि धुळें जिल्ह्यांतील शिरपूर तालुक्यांत, सातपुड्याच्या पायथ्याशीं, इतर पिकांच्या आड लावलेला गांजा पोलिसांनीं वेळोवेळीं उपटून जाळला आहे. दानियालच्या बंदुकीची नळी अजून रिकामी झालेली नाहीं, असेंच म्हणावें लागतें.

तंबाखूवरील आरोप मात्र अशा तपासणींत टिकला, नव्हे, अधिकच बळकट झाला. १९४१ सालीं मुंबईंत टाटा स्मारक रुग्णालय उघडलें, आणि तोंडाच्या कर्करोगाचे रोगी तेथें येऊं लागले. १९५३ मध्यें मुंबईचेच डॉ. जोशी यांनीं तोंड हळूहळू उघडेनासें होण्याच्या विकाराचें वर्णन प्रसिद्ध केलें. सुपारी चघळण्याशीं त्याचा संबंध पुढें निश्चित झाला. १९७२ मध्यें डॉ. फली मेहता व त्यांचे सहकारी यांनीं महाराष्ट्रांतील १,०१,७६१ खेडुतांच्या तोंडांची पाहणी करून तिचे निष्कर्ष मांडले. मिश्रीसंबंधींची ‘दांत साफ करण्याची सोय’ ही समजूतहि फोल ठरली. मुंबईंतील गर्भवती स्त्रियांच्या २००४ मधील एका अभ्यासांत, मिश्री वगैरे बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचें वजन इतरांपेक्षां सरासरी १०५ ग्रॅमनें कमी भरलें, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचा धोका सुमारें तिप्पट आढळला. माजघरांतील चिमूटभर मिश्री जन्माला न आलेल्या मुलापर्यंत पोंचत होती.

मुलांचा विषय निघाला म्हणजे गांधीजींची आठवण येते. काकांनीं फेंकलेलीं विडीचीं थोटकें ओढण्यापासून आपण आरंभ केला, आणि मग विड्यांसाठीं नोकराच्या खिशांतील पैसे चोरूं लागलों, अशी कबुली त्यांनीं आत्मकथेंत दिली आहे. चव आवडली म्हणून नव्हे, तर मोठ्यांसारखा धूर सोडावा म्हणून. व्यसनाचें दार बालवयांत असेंच उघडतें. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणींत १३ ते १५ वर्षांच्या विद्यार्थ्यांपैकीं ८.५ टक्के तंबाखू वापरतांना आढळले, आणि तंबाखू खाणाऱ्या मुलांपैकीं निम्म्याहून अधिकांनीं तिची चव दहावा वाढदिवस येण्यापूर्वींच घेतली होती. चंचीपेक्षां पुडी अधिक घातक ठरली, ती याचमुळें. चंची वडिलांच्या कमरेला असे. ती मुलाला उचलतां येत नसे. गुटख्याची पुडी मात्र सुगंधी, गोड, आणि खाऊच्या पैशांत मिळणारी होती. महाराष्ट्रानें २०१२ मध्यें गुटख्यावर बंदी घातली. त्याआधीं २००३ च्या केंद्रीय कायद्यानें अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखू विकणें, तसेंच शाळेपासून १०० यार्डांच्या आंत ती विकणें निषिद्ध केलें होतें; आणि २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणें मुलाच्या हातीं तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊं शकते.

सर्वांत नवें रूप म्हणजे वाफेचें. २००३ च्या सुमारास चीनमध्यें होन लिक या औषधतज्ज्ञानें विजेवर चालणाऱ्या सिगारेटला आजचें स्वरूप दिलें. तींत पान जळत नाहीं, राख पडत नाहीं, वास रेंगाळत नाहीं. निकोटीन मात्र तेंच. २०१९ मध्यें भारतानें या उपकरणांचें उत्पादन, आयात, विक्री व सांठा यांवर बंदी घातली. तरीहि तीं शहरांतील तरुणांच्या हातीं दिसतात, आणि त्यांच्या बाजूनें होणारा युक्तिवाद थेट असद बेगाचा आहे: वस्तु नवी आहे, परदेशांत शहाणे लोक वापरतात. राजवैद्याचा प्रश्नहि तोच उरतो. हिची परीक्षा झाली आहे काय?

बंदीनें दुकान बंद होतें, कर लावल्यानें वस्तु महाग होते. दोन्हींचा उपयोग आहे. परंतु आंत बसलेली तल्लफ त्यांनीं जात नाहीं. ती जाते कशी, याचाहि एक धडा खानदेशच्याच इतिहासांत सांपडतो. १९३७-३८ मध्यें पश्चिम खानदेशांत तळोद्याच्या बाजूला गुला महाराज नांवाच्या भिल्ल सत्पुरुषानें आपल्या लोकांना दारू सोडण्याचा व नित्य स्नानाचा उपदेश केला. हजारों आदिवासी आरतीला जमूं लागले. एकमेकांना ‘आप’ म्हणूं लागले. १९३८ मध्यें गुला महाराज वारले, आणि त्यांचे बंधु रामदास महाराज यांनीं काम पुढें चालविलें. तेथें प्रश्न दारूचा होता, तंबाखूचा नव्हता. तथापि रीत लक्षांत घेण्यासारखी आहे. निश्चय एकट्यानें मनांत केला नाहीं, चारचौघांत केला. तो एकदां करून सोडून दिला नाहीं, वारंवार एकत्र येऊन ताजा ठेवला. आणि ज्याला आजवर कोणी मान दिला नव्हता त्याला ‘आप’ म्हणून मान दिला.

आधुनिक वैद्यक याच निष्कर्षाला निराळ्या वाटेनें आलें आहे. १९७७ मध्यें डॉ. मेहता यांच्या टाटा संस्थेंतील दंतसंशोधन विभागानें केरळ, आंध्र व गुजरात येथील तीन जिल्ह्यांत सुमारें ३६,००० तंबाखू वापरणाऱ्या खेडुतांना दरवर्षीं घरीं भेटून सोडण्याविषयीं सल्ला देण्यास आरंभ केला. ज्यांनीं सोडली त्यांच्या तोंडांत कर्करोगापूर्वींचे पांढरे चट्टे उठण्याचें प्रमाण स्पष्ट घटलें. १९८६ मध्यें पुण्यास डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनीं, पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्यानें, ‘मुक्तांगण’ हें व्यसनमुक्ति केंद्र उभें केलें. तेथें रोग्याला गुन्हेगार न मानतां माणूस मानण्याची शिस्त घातली गेली. २००२ मध्यें देशांत तंबाखूमुक्तीचीं १३ केंद्रें निघालीं, आणि २०१६ पासून १८००-११-२३५६ या क्रमांकावर सोडूं इच्छिणाऱ्यास विनामूल्य सल्ला मिळूं लागला. गांजा किंवा कोणतेंहि व्यसन मनाच्या त्रासाशीं गुंतलेलें असेल तर २०२२ पासून १४४१६ हा क्रमांक आहे.

सोडणाऱ्याला ठाऊक असावें तें थोडेंच आहे. एक दिवस ठरवावा आणि तो घरांत सांगावा. पहिले तीनचार दिवस सर्वांत कठीण जातात. चिडचिड होते, झोप उडते, चित्त लागत नाहीं. दोन ते चार आठवड्यांत ही पीडा ओसरते. एकेक तल्लफ कांहीं मिनिटांचीच असते. तेवढ्यांत पाणी प्यावें, उठून चालावें, कोणाशीं बोलावें. तंबाखू सोडणाऱ्या प्रौढांसाठीं निकोटीनचा चघळगोंद व कांहीं औषधें डॉक्टरांच्या सल्ल्यानें उपयोगी पडतात. गांजासाठीं असें खात्रीचें औषध नाहीं. तेथें समुपदेशन व सोबत हेंच औषध. पुन्हा एकदां चिमूट घेतली गेली तर सारें बुडालें असें मानूं नये, कारण अनेकांना दोनतीन प्रयत्नांनंतरच यश येतें. आणि घरांतील वडील मंडळींनीं मुलाला रागें भरण्यापूर्वीं आपली चंची कोठें आहे तें पाहावें. जहांगीराचा हुकूम कां चालला नाहीं, हें विसरूं नये.

प्रयत्न व्यर्थ जात नाहींत, याला आंकड्यांची साक्ष आहे. २००९-१० मध्यें महाराष्ट्रांतील १५ वर्षांवरील लोकांपैकीं ३१.४ टक्के तंबाखू वापरीत होते. २०१६-१७ मध्यें तें प्रमाण २६.६ टक्क्यांवर आलें. सात वर्षांत शंभरांतील जवळजवळ पांच माणसें मोकळीं झालीं, किंवा फांसांत अडकलींच नाहींत. असोद्यासारख्या गांवांत आजहि पाहुण्यापुढें पाण्याचा तांब्या येतो. त्याच्या पाठोपाठ चंची न आली तरी पाहुणचारांत कांहीं उणें राहत नाहीं, हें ज्या घराला उमगलें, त्या घरांतील मुलाला पुढें सोडावें लागण्यासारखें कांहीं धरावेंच लागत नाहीं.